पाऊस, काच आणि पक्षी : सातारा-सांगलीच्या पक्षीनिरीक्षणातील एक दुर्लक्षित धागा

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरवरच्या म्हसवडला पाचशे मिलिमीटर झाला तरी वर्ष बरे गेले म्हणतात. सांगली जिल्ह्याची तऱ्हा वेगळी नाही. पश्चिमेला वारणेच्या खोऱ्यातला शिराळा तालुका आणि चांदोलीचे जंगल चिंब भिजते, तर पूर्वेला जत आणि आटपाडी आभाळाकडे डोळे लावून बसतात. इतक्या थोड्या अंतरात पावसाचा इतका मोठा उतार महाराष्ट्रात फार ठिकाणी नाही, आणि त्यामुळेच सदाहरित रानातले व उघड्या माळावरचे असे दोन्ही तऱ्हांचे पक्षी या दोन जिल्ह्यांच्या वाट्याला आले. इथल्या पक्षीनिरीक्षणाचा इतिहास सांगताना साहजिकच माणसांची, तलावांची आणि अभयारण्यांची नावे पुढे येतात. त्यात दुर्बिणीचे नाव कोणी घेत नाही. माझे म्हणणे असे, की डोळ्याला लावलेल्या त्या काचेच्या आत ओल शिरत होती की नाही, यावर इथे काय पाहिले गेले आणि काय पाहायचे राहून गेले हे बऱ्याच अंशी ठरले आहे. म्हणून आज चांगली जलरोधक दुर्बीण निवडणे ही केवळ खरेदीची बाब राहत नाही. दोनशे वर्षांच्या नोंदींत जो ऋतू दुबळा राहिला, त्याच्याशी तिचा थेट संबंध आहे.

सुरुवात बंदुकीपासून झाली. कर्नल विल्यम साइक्स याने मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी पाहणी करता करता इथले प्राणी-पक्षी गोळा केले आणि १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे दख्खनमधल्या पक्ष्यांची यादी मांडली. दोनशेहून अधिक जाती तिच्यात होत्या, आणि कित्येकांची मराठी नावेही त्याने टिपली होती. त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे तो पाडायचा, हातात घ्यायचा, पिसे मोजायची आणि कातडे पेंढा भरून ठेवायचे. साइक्सचे नाव आजही वागवणारा चंडोल याच यादीतून शास्त्राला माहीत झाला. हा चंडोल माणदेशासारख्या कोरड्या माळावरचा. त्याचा जवळचा भाऊबंद मलबारी चंडोल सह्याद्रीच्या ओल्या पठारांवर राहतो. दोघांच्याही डोक्यावर तुरा, दोघेही मातकट. मलबारी चंडोल अंगाने थोडा मोठा आणि त्याच्या छातीवर गडद रेघा दाट असतात. साइक्सचा चंडोल लहानखुरा, तांबूस छटेचा आणि छातीवर कमी रेघांचा. कातडे हातात असेल तर हा फरक सहज कळतो. जिवंत पक्षी पन्नास पावलांवर गवतातून तुरूतुरू पळत असेल, तर तो कळायला काच चांगली लागते. बंदुकीकडून काचेकडे जाताना पक्षीनिरीक्षणाने कोणता भार यंत्रावर टाकला, हे या दोन चंडोलांवरून ध्यानात यावे.

साइक्सनंतरच्या यादीकारांकडे पाहिले की दुसरी गोष्ट नजरेत भरते. रेव्हरंड फेअरबँक या अमेरिकन मिशनऱ्याने खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि अहमदनगर परिसरातल्या पक्ष्यांची यादी १८७६ मध्ये पक्षीतज्ज्ञ ह्यूमच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापली. १८८१ मध्ये बटलर या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने त्याच नियतकालिकात दख्खन आणि दक्षिण मराठा मुलखाची यादी दिली. ही कामे मोठ्या कष्टाची आहेत आणि त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. पण हे गोरे लोक सह्याद्रीत कधी असत? साहेबाचा दौरा आणि तंबू हा दिवाळीनंतरचा मामला. १८२८-२९ च्या सुमारास मुंबईचा गव्हर्नर माल्कम याने वसवलेल्या महाबळेश्वरचा हंगाम उन्हाळ्याचा होता. जूनच्या तोंडाशी पाऊस आला की मुंबई सरकारचा लवाजमा घाट उतरून पुण्याला मुक्काम हलवी आणि महाबळेश्वरची घरे गवताच्या तट्ट्यांनी झाकली जात. थांबणारे थोडेच असत आणि बंदुकीची दारू, कातडी, कागद असे सगळेच त्या दमट हवेत नासत असे. म्हणजे जे रान वर्षातले चार महिने पाण्यात उभे असते, त्याच्याविषयीचे आपले पायाभूत ज्ञान प्रामुख्याने उरलेल्या आठ महिन्यांत गोळा झालेले आहे.

दुर्बीण आली तरी ही त्रुटी लगेच भरून निघाली नाही, कारण तिला पाऊस बंदुकीहूनही कमी सोसत होता. आपण आज जिला दुर्बीण म्हणतो ती लोलकाची दुर्बीण. इग्नात्सिओ पोरो या इटालियनाने १८५४ मध्ये लोलकांची मांडणी शोधली, पण तिला लागणारी स्वच्छ काच तेव्हा नव्हती. ऑटो शॉट याने तशी काच बनवल्यावर अर्न्स्ट आबे याच्या आखणीनुसार येना गावच्या कार्ल झाइस कारखान्याने १८९४ मध्ये ती दुर्बीण बाजारात आणली. पुढची वीस वर्षे उत्तम दुर्बीण म्हणजे जर्मन दुर्बीण असे समीकरण राहिले. १९१४ मध्ये युद्ध पेटले तेव्हा ब्रिटनला आपल्या सैन्यासाठी दुर्बिणी पुरेनात. लॉर्ड रॉबर्ट्स यांनी घरोघरच्या लोकांना आपापल्या दुर्बिणी उसन्या द्यायचे आवाहन केले, इतकी टंचाई होती. त्याच युद्धाने जर्मनी-ऑस्ट्रियाच्या काचसामानाची वाट बंद झाली आणि १९१६ मध्ये आपल्या कराडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला. पुढे त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत लागला. सातारा जिल्ह्यात काच बनत होती, मग दुर्बिणीची काच का नाही, असा प्रश्न इथे कोणालाही पडेल. कंदिलाच्या चिमणीला उष्णता सोसावी लागते, तिच्यात एखादा बुडबुडा राहिला तरी उजेड पडतो. भिंगाच्या काचेत बुडबुडा किंवा रेघ चालत नाही. तिचा रस सारखा ढवळावा लागतो आणि ती अतिशय सावकाश निववावी लागते. ही काच भारतात व्हायला कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेची, म्हणजे १९६० च्या आसपासची वाट पाहावी लागली, आणि तीही मुख्यतः संरक्षण खात्याच्या गरजेपोटी. सामान्य माणसाच्या गळ्यात दुर्बीण अडकवण्याची सोय देशी कारखानदारीने केली नाही.

दरम्यान पक्षी पाहणारे मात्र तयार होत होते. सालिम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक १९४१ मध्ये आले, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदूक बाजूला सारली, आणि मारुती चितमपल्ली यांच्यासारख्यांच्या लेखनाने मराठी वाचकाला रानाची गोडी लावली. पण आयात परवान्यांच्या त्या काळात चांगली दुर्बीण मिळायची ती परदेशातून आलेल्या नातेवाइकाच्या सामानातून, नाहीतर रशियन बनावटीची ८×३०. पुढे बाजार खुला झाल्यावर ऑलिंपसची ८×४० आणि तिच्यासारख्या इतर दुर्बिणींनी कितीतरी नवशिक्यांना पक्षी दाखवले. यांतली एकही पावसात वापरायची नव्हती. मग या दुर्बिणी कुठे चालल्या? पूर्वेच्या तलावांवर, हिवाळ्यात. ब्रिटिश अमदानीत बांधलेला खटाव तालुक्यातला मायणीचा तलाव, येरळवाडी, सूर्याचीवाडी, १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात लोकांना काम देण्यासाठी हाती घेतलेला म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव : दुष्काळाशी झुंजायला अडवलेल्या या पाण्यावर रोहित उतरले, पट्टकादंब आणि चक्रवाक आले. हे सगळे मोठे पक्षी, उघड्यावर, लखलखीत उन्हात, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. साधी दुर्बीण तिथे मजेत चालते. मायणी परिसराला २०२१ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, त्यामागे हिवाळ्यातल्या या निरीक्षणांची पुण्याई आहे. आपल्याकडे पक्षीनिरीक्षण म्हणजे थंडीतला तलाव हे चित्र रुजले, त्यात पाहुण्या पक्ष्यांच्या ओढीइतकाच हातातल्या दुर्बिणीच्या मर्यादेचाही वाटा आहे.

जुनी दुर्बीण पावसात का हरते हे नीट पाहायला हवे, कारण वरून पडणारे पाणी हे तिचे मुख्य दुखणे नाही. वरचे पाणी छत्रीने अडवता येते. जुन्या घडणीच्या दुर्बिणीत मधले चाक फिरवले की डोळ्याकडची दोन्ही भिंगे आडव्या पट्टीसकट पुढेमागे सरकतात. भिंगे बाहेर आली की आतली पोकळी वाढते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. ती आत गेली की हवा बाहेर पडते. जवळचा पक्षी, दूरचा पक्षी असे चाक दिवसातून शेकडो वेळा फिरते आणि प्रत्येक वेळी दुर्बीण ठोसेघरची किंवा बामणोलीची ओली हवा एकेक घोट पिते. संध्याकाळी गारवा आला की त्या हवेतली वाफ लोलकावर दव होऊन बसते. बाहेरचे धुके फडक्याने पुसता येते, पण आतले पुसायला दुर्बीण उघडावी लागते, आणि एकदा उघडलेल्या दुर्बिणीचे दोन्ही डोळे पुन्हा एका रेषेत आणणे हे जाणत्या कारागिराचे काम आहे. याहून वाईट गोष्ट पुढे घडते. अशी दुर्बीण कातडी डबीत, कपाटात, श्रावण-भाद्रपदभर पडून राहते. आत अडकलेल्या ओलीवर बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू भिंगाच्या कडेकडून आत पसरतात, आणि त्यांचे आम्ल काचेवरचा लेप कायमचा खाते. हा लेप गेला म्हणजे काय गेले? १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला याने तो शोधून काढला. त्याआधी हवा आणि काच जिथे भेटतात अशा प्रत्येक पृष्ठावर चार-पाच टक्के उजेड परतून जाई. दुर्बिणीत अशी दहा पृष्ठे धरली तर तिसऱ्या हिश्श्याहून अधिक उजेड वाटेतच संपे. कोयनेच्या दाट रानात, ढगाळ दुपारी, तेवढ्या उजेडावरच पक्षी दिसणे न दिसणे अवलंबून असते.

यावर उपाय निघाला तो दोन टप्प्यांत. पहिला, चाक फिरवल्यावर बाहेरचे काही हलू नये म्हणून नळीच्या आतच एक भिंग सरकवायचे, सांध्यांना रबरी कडी बसवायची आणि आतली हवा काढून कोरडा नायट्रोजन भरायचा. कोरड्या वायूत वाफच नाही, तर दव धरणार कशाचे? सरळ नळीच्या, छपरी लोलकाच्या दुर्बिणीला ही रचना सोयीची पडली. दुसरा टप्पा कमी लोकांना माहीत आहे. छपरी लोलकात प्रकाशाच्या लहरी दोन भागांत विभागून पुन्हा जुळतात आणि त्यांचा मेळ किंचित चुकतो, त्यामुळे बारीक तपशील मऊ दिसतो. म्हणजे दुर्बीण पावसात टिकली तरी चंडोलाच्या छातीवरची रेघ पुसट. १९८८ मध्ये झाइसने लोलकावर खास लेप देऊन हा दोष काढला आणि पुढे इतरांनीही ते तंत्र उचलले. पाण्याला न घाबरणारी आणि तरीही तीक्ष्ण दिसणारी दुर्बीण त्यानंतरची आहे. मध्यमवर्गीय मराठी माणसाच्या आवाक्यात ती यायला आणखी वीसेक वर्षे गेली. नेमक्या त्याच काळात, २०१० मध्ये, कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१२ मध्ये कासचे पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात गेले. या घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध नाही. पण पश्चिमेचे ओले रान लोकांच्या लक्षात येणे आणि ते पाहायचे साधन हाती येणे, हे एकाच सुमाराला घडले.

पावसात पाहण्यासारखे आहे तरी काय, असे विचारणाऱ्याला उत्तर द्यायला पाहुण्या पक्ष्यांची गरज नाही. आपल्याच पक्ष्यांचा संसार तेव्हा मांडलेला असतो. रोहिणी-मृगाच्या सुमाराला नवरंग येतो आणि पालापाचोळ्याच्या रानात घरटे करतो. चातक आफ्रिकेकडून येतो तो पावसाबरोबर, आणि आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो. हा सगळा व्यवहार भर पावसाळ्यात झुडपांच्या आत चालतो. शीळकरी कस्तुर ओढ्याकाठी सर्वांत जास्त गातो तो याच दिवसांत. घाटाखाली तिबोटी खंड्या पाऊस सुरू झाल्यावरच मातीच्या दरडीत बीळ कोरतो. तणमोराचा नर गवतातून उड्या मारून मादीला बोलावतो तोही पावसाळ्यात, आणि एकेकाळी दख्खनच्या माळांनी ते पाहिले आहे. पक्षी कुठे राहतो हे हिवाळ्यातली यादी सांगते. तो कुठे वाढतो, पिलांना काय भरवतो, किती पिले जगतात, हे सांगायला जून ते सप्टेंबरच हवा. संवर्धनाचा निर्णय या दुसऱ्या माहितीवर घ्यायचा असतो.

या मांडणीवर रास्त आक्षेप आहेत. पहिला असा, की दुर्बिणीशिवायही इथल्या माणसाला पक्षी माहीत होते. पावशाची हाक ऐकून पेरणीची तयारी करणारा शेतकरी, माळावरचा धनगर, तित्तिर-लाव्यांच्या सवयी मुखोद्गत असलेला फासेपारधी यांना कोणत्या काचेची गरज होती? नव्हती, हे खरेच. त्यांचे ज्ञान कानाचे आणि सहवासाचे आहे, आणि सांगलीच्या शरद आपटे यांनी पक्ष्यांच्या आवाजांचे ध्वनिमुद्रण करून कानाचे महत्त्व आपल्यालाही पटवले आहे. पण चाळीस फूट उंच शेंड्यावरच्या चिमुकल्या पर्णवटवट्याची जात ओळखणे किंवा घरट्याजवळ न जाता पिले मोजणे, हे काम वेगळे. तिथे लांबून पाहणे हीच पक्ष्यावरची दया ठरते. दुसरा आक्षेप कॅमेऱ्याचा. आता जो तो लांब भिंगाचा कॅमेरा घेऊन फिरतो, मग दुर्बीण कशाला? कॅमेरा एक क्षण धरतो. पक्षी अर्धा तास काय करतो हे त्यातून पाहत बसणे कठीण, आणि धुक्यात कॅमेऱ्याची नजर स्थिरावत नाही. शिवाय छायाचित्रासाठी माणूस पुढे सरकतो. पावसाळ्यात घरट्यांभोवती होणारी छायाचित्रकारांची गर्दी किती घातक आहे हे वेगळे सांगायला नको. तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. खऱ्या अर्थाने बंदिस्त दुर्बिणीला पंधरा-वीस हजार रुपयांपासून पुढे मोजावे लागतात. जो फक्त हिवाळ्यात मायणी-येरळवाडीला जातो, त्याने हा खर्च करू नये असेच मी म्हणेन. त्याला जुन्या घडणीची साधी दुर्बीण कमी पैशांत तितकेच, कधी कधी अधिक चांगले चित्र देईल. तिने फक्त पावसाळ्याचे चार महिने सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात काढावेत.

पण ज्याला पश्चिमेकडे जायचे आहे त्याने दुकानातल्या शब्दांना भुलू नये. ‘वॉटर रेझिस्टंट’ म्हणजे शिंतोडे सोसणारी. जलरोधक म्हणजे किमान आयपीएक्स ७ दर्जाची, एक मीटर पाण्यात अर्धा तास राहून कोरडी निघणारी, आणि सोबत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेली. वायू भरल्याचा उल्लेख नसेल तर आत धुके धरणार नाही याची हमी नाही. मोठेपणाच्या आकड्याचा सोस सगळ्यांना असतो, पण दाट रानात उजेडाला महत्त्व अधिक. ८×४२ च्या दुर्बिणीतून डोळ्यात येणारा प्रकाशझोत सव्वापाच मिलिमीटर रुंद असतो, १०×४२ मधून जेमतेम सव्वाचार, आणि ८×३० मधून पावणेचार. ढगाळ वेळी बाहुली विस्फारलेली असताना हा फरक लगेच जाणवतो. दहापटीच्या दुर्बिणीत भिजलेल्या, थंडावलेल्या हातांचा कंपही जास्त दिसतो. म्हणून कोयना-चांदोलीच्या बाजूला आठपट पुरते. तलावाच्या दूरच्या काठावरचे बदक पाहणाऱ्याने हवी तर दहापट घ्यावी. चष्मा लावणाऱ्याने डोळा भिंगापासून पंधरा मिलिमीटर तरी दूर राहूनही पूर्ण चित्र दिसते का हे दुकानातच तपासावे. खिशातले छोटे २५ मिलिमीटरचे खेळणे कितीही जलरोधक असले तरी झाडीच्या अंधारात ते निकामी आहे. पूर्वेकडे पाऊस नाही म्हणून बंदिस्तपणा वाया जातो असेही नाही. जतच्या माळावरची उन्हाळी धूळ ज्या फटीतून आत शिरते, ती ओल शिरायचीच फट आहे.

राहिला शेवटचा आणि अवघड मुद्दा. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पातले पर्यटन बंदच असते, मग सामान्य माणसाला त्या दुर्बिणीचा तिथे उपयोग काय? बंदी योग्य आहे, तिच्यात ढिलाई नको. पण कासचे पठार, ठोसेघर, बामणोली-तापोळ्याचा परिसर, पाटणच्या खोऱ्यातली गावे, शिराळ्याकडे वारणावतीची बाजू ही सगळी त्या रानाची शेजारी आहेत आणि तिथले पक्षी प्रकल्पाची सीमा पाहत नाहीत. आत मात्र वनरक्षक आणि वनमजूर भर पावसात गस्त घालतात. पाथरपुंजसारख्या ठिकाणी, जिथला पाऊस अलीकडे काही वर्षी महाबळेश्वरलाही मागे टाकून गेला, तिथे जूनमध्ये उभे राहणारे डोळे त्यांचेच आहेत. साइक्सपासून आजवर जो ऋतू यादीत कच्चा राहिला, त्याच्या नोंदी नियमित आणि वर्षानुवर्षे करू शकेल असा दुसरा वर्ग नाही. शहरातल्या पक्षीमित्र मंडळांनी वर्गणी काढायचीच तर ती आपल्यासाठी आणखी एका महागड्या भिंगाकडे वळवण्याआधी गस्तीच्या चौक्यांना प्रत्येकी एक ८×४२ बंदिस्त दुर्बीण, तिचा पट्टा, कोरडे फडके आणि नोंदवही देण्याकडे वळवावी. नोंदवहीचा कागद तेवढा भिजून विरघळणार नाही असा निवडावा.